माझंच नाव मीच बंद केलं

मंडळी, लिनक्स कळणारं कुणी असेल तर आजच उत्तर द्या.

कॉम्प्युटरवरच्या खात्यांची यादी उघडली, तर तीस-चाळीस अनोळखी नावं! बहुतेकांपुढे 'नोलॉगिन', म्हणजे प्रवेश बंद. माझ्यापुढे मात्र 'बॅश', म्हणजे प्रवेश चालू. मला वाटलं, माझंच दार उघडं राहिलंय, चोर इथूनच शिरणार. म्हणून माझ्यापुढेही 'नोलॉगिन' लिहिलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

आता ते मलाच आत घेत नाही.

मीरा रोडचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "अंकल, वो सब सिस्टम के नाम थे, आदमी नहीं. अब फॉरमॅट मारना पडेगा, सब उड जायेगा."

कसं उडवू? आत माझ्या थोरल्या बहिणीची लग्नगाणी आहेत. चौक गावच्या घरी तिच्याजवळ बसून, ती म्हणेल तशी, दोन वर्षं एका बोटाने टाइप केलीत. दुसरीकडे कुठेच उतरवलेली नाहीत.

दुपारी तिच्याकडे गेलो. म्हटलं, "बाय, लग्नातलं ते उंबराच्या पाण्याचं गाणं पुन्हा सांगशील?"

तिने विचारलं, "कोनचा गाना? तू कोन हाय?"

फॉरमॅट न मारता माझं खातं उघडता येतं का हो?