वैद्यनाथरावांची थांबणारी गाडी

वैद्यनाथरावांना गाडी पळवण्याची हौस कधीच नव्हती. पळवायचं काम धाकट्या भावाचं, साईरामचं. वैद्यनाथरावांना गाडी उघडायला आवडे. तंजावूरच्या पॉलिटेक्निकमध्ये ते वर्कशॉप शिकवत. दिवसभर पोरांना कानस कशी धरायची ते दाखवून संध्याकाळी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरी आले, की शर्ट खुंटीवर आणि स्वारी फियाटखाली.

फियाट वडिलांची. वडील गेल्यावर ती विकायची असं घरात ठरलं होतं, पण ठरलेलं राहून गेलं. मग साईरामला मद्रासबाहेरच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचं वेड लागलं आणि दोघा भावांनी मिळून तिला सोलून काढलं. मागची सीट गेली, पायाखालचा गालिचा गेला, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसला. इंजिन असं तयार झालं, की सुरू केल्यावर शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडून जात. पॉलिटेक्निकमधले ड्रॉइंग शिकवणारे रामस्वामी म्हणत, "आता बाजारात नव्या नव्या गाड्या यायला लागल्यात, वैद्या. आणि तू आजोबांना लंगोट नेसवून आखाड्यात पाठवतोयस."

वैद्यनाथराव हसून सोडून देत. त्यांना उत्तरं सुचत, पण दुसऱ्या दिवशी.

त्या वर्षीच्या शर्यतीत मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. फियाटला चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकातला बंद लोखंडी डबा आणि त्याला आतून दाबणाऱ्या पट्ट्या. काही फेऱ्या झाल्यावर ड्रम तापले, फुगले, आणि आतल्या पट्ट्या त्यांना पुरेनात. साईरामने पाय दाबला तो थेट तळाला टेकला. वळण आलं, गाडी वळली नाही. सरळ जाऊन जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. साईरामचं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं.

ते ब्रेक वैद्यनाथरावांनीच तपासून दिले होते. भावाच्या हाताला प्लास्टर होतं तोवर ते जेवताना त्याच्या समोर न बसता शेजारी बसत.

आई, भागीरथीबाई, तेव्हा काही बोलली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी बोलली. साईराम हात वळवून दाखवत होता, "बघ अम्मा, पहिल्यासारखा."

"बघितला," ती म्हणाली. "आता तू पुन्हा जाणार. नाही म्हणू नकोस, तोंडावर दिसतंय. तर आधी मला त्या गाडीत बसवायची. मी सांगेन तिथं थांबवायची. थांबली नीट, तर जा. नाही थांबली, तर गाडी घरात ठेवायची नाही. कां रे वैद्या, ऐकलंस कां?"

"ऐकलं अम्मा."

पुढचे महिने वैद्यनाथरावांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. फियाटच्याच घरातल्या नव्या मॉडेलला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असत. डिस्क म्हणजे उघडी पोलादी तबकडी. कॅलिपर नावाचा चिमटा दोन बाजूंनी पॅड लावून तिला पकडतो, आणि तबकडीला वारा लागत असल्यामुळे ती ड्रमसारखी कोंडून तापत नाही. मद्रासच्या जुन्या बाजारातून त्यांनी अपघातात गेलेल्या गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर मिळवले. डिस्क चाकाच्या जुन्या हबवर बसेनात, म्हणून पॉलिटेक्निकच्या लेथवर तास संपल्यावर कातल्या. कॅलिपर धरायला जाड पत्र्याचे ब्रॅकेट केले. पहिली जोडी मनाला येईना, ती मोडीत टाकली. पेडलचा दाब चाकांकडे पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी दाब धरून ठेवणारी एक बारीक झडप असते, ती काढली. राहिली तर डिस्क सतत घासत राहील.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सोडायचा. वसुमती, त्यांची बायको, पदर खोचून साईरामच्या सीटवर बसली.

"दाब. धर. सोडू नको... आता सोड."

"अहो, किती वेळ? अडुप्पावर सांबार आहे."

"बुडबुडे येताहेत अजून."

"तिकडेही येताहेत!"

हे सगळं होईतो अष्टमीची संध्याकाळ झाली. चाकं तेवढी चढवायची राहिली. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावातली तमिळ मंडळी त्या दिवशी आयुधपूजा करतात, यांच्या घरी खंडेनवमी, रीत एकच. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं पूजेत गेली, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पाना पूजेत, जॅक पूजेत. वैद्यनाथरावांनी पाने धुऊन आईच्या हाती दिले आणि गाडी तशीच लाकडी ठोकळ्यांवर, चाकांवाचून उभी ठेवली.

भागीरथीबाईची नवमीची पद्धत तिच्या सासूची, सासूची तिच्या सासूची. घरातल्या प्रत्येक लोखंडाला तिळाच्या तेलाचा हात द्यायचा आणि कुंकवाचं बोट लावायचं. कोणे एके काळी राजवाड्यावर चाकरीला असलेल्या पूर्वजाची एक बोथट तलवार होती, ती पहिली. मग विळी, अडकित्ता, विहिरीचा रहाट, वैद्यनाथरावांचे हातोडे. या वर्षी ती वाटी घेऊन गाडीपाशी गेली. उघडी, लखलखीत, नव्याने कातलेली तबकडी दिसली. एवढं देखणं लोखंड त्या घरात कधी आलंच नव्हतं. तिने मन लावून हात दिला. गाडीची उजवी बाजू भिंतीकडे होती, तिथल्या अरुंद फटीत तिला शिरता आलं नाही. त्या बाजूला तिने नुसता नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी वैद्यनाथरावांनी डाव्या डिस्कवरचं कुंकू फडक्याने पुसलं आणि चाकं चढवली. लोखंड चकचकत होतं. नवमीनंतर त्या घरातलं सगळंच लोखंड चकचकतं, लहानपणापासून त्यांनी ते तसंच पाहिलेलं. डोळ्याला काही खटकलं नाही.

"आज सीमोल्लंघन," भागीरथीबाई म्हणाली. "चला तिरुवैयारुला. वाटेत कुठं थांबायचं ते मी सांगेन."

साईराम स्टिअरिंगवर, अम्मा शेजारी, पानाचा डबा मांडीवर. मागे सीट नव्हतीच, वैद्यनाथराव पिंजऱ्याची नळी धरून उकिडवे बसले. गल्लीत एकदोनदा ब्रेक लागला तेव्हा गाडी किंचित उजवीकडे ओढतेय असं त्यांना वाटलं. रस्ताच तिरका आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. वेण्णारु नदी मागे पडली. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातशेतं, रस्ता मोकळा. साईरामने वेग धरला.

"त्या चिंचेपाशी," अम्मा म्हणाली.

साईरामने ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे अशी फेकली गेली, की जणू कोणी हात धरून ओढावं. रस्ता आडवा कापून ती पलीकडच्या कडेला चिखलात नाक खुपसून तिरकी थांबली. पानाचा डबा उघडून सुपाऱ्या पायांत घरंगळल्या. समोरून काही येत नव्हतं, एवढंच.

मग भागीरथीबाईने हळूच विचारलं, "हाच कां ब्रेक?"

साईराम मागे वळला. "अण्णा, माझं काही चुकलं नाही. मी सरळच—"

"तुझं नाही," वैद्यनाथराव म्हणाले. गाडी उजवीकडे ओढली म्हणजे डावीकडचा ब्रेक धरत नव्हता, म्हणून त्यांनी तिथेच, चिखलात, डावं चाक काढलं. ब्रॅकेट जागेवर होता, नळी कोरडी होती. महिन्यांचं काम डोळ्यांसमोर जसंच्या तसं, आणि तरी चूक. मग त्यांनी तापलेला पॅड बाहेर काढला. तो काळाशार, तुळतुळीत झाला होता, आणि त्याला वास येत होता.

भागीरथीबाई एव्हाना खाली उतरली होती. तिने वाकून वास घेतला. सणाच्या स्वयंपाकात जिची हयात गेली तिला दुसऱ्यांदा घ्यावा लागला नाही.

"नल्लेण्णै," ती म्हणाली. "हे माझ्या वाटीतलं तेल."

वैद्यनाथराव फडक्यात धरलेला पॅड उलटसुलट करत राहिले. आईवर ढकलावं तर गाडी वाचते, पण मग ती पुन्हा कधी हातात तेलाची वाटी धरणार नाही. आणि खोटंही बोलवेना.

"तेल तुझं," ते शेवटी म्हणाले, "पण चाक मी चढवलं. कुंकू दिसलं मला. मग तेल कां नाही दिसलं? पेट्रोलने धुऊन काढायचं माझं काम होतं."

"म्हणजे तू बनवलेलं वाईट नाही?"

"ते बघायलाच मिळालं नाही अजून."

तिने घरंगळलेल्या सुपाऱ्या वेचून डब्यात टाकल्या. "मग बघू या. आज नाही. ते काळं झालेलं बदल आधी."

तेल प्यायलेला पॅड परत कामाचा होत नाही. साईराम म्हणाला, "तव्यावर भाजून काढला तर?" वैद्यनाथरावांनी त्याच्या मनगटाकडे नुसतं बघितलं. तिरुच्चीहून नवे पॅड आणले, दोन्ही बाजूंचे. डिस्क पेट्रोलने धुतल्या. रिकाम्या रस्त्यावर आधी सावकाश, मग जोरात, पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पॅड डिस्कवर घासून बसते केले. मग पुन्हा तोच रस्ता, तीच चिंच. भागीरथीबाईने या खेपेला पानाचा डबा मांडीवर उघडाच ठेवला होता आणि तो दोन्ही हातांनी धरला होता. साईरामने पाय दाबला. गाडीने नाक खाली घातलं आणि आपल्या बाजूला, सरळ, चिंचेच्या सावलीत उभी राहिली.

ती उतरली, झाडाला हात लावून आली. "जा," साईरामला म्हणाली.

शर्यतीत साईराम पहिला आला नाही, तिसराही नाही. पण सगळ्या फेऱ्या संपवून आला. मद्रासहून फोन लावला तेव्हा अम्माने कितवा आला ते विचारलंच नाही. "शेवटपर्यंत थांबत होती कां?" एवढंच विचारलं, आणि फोन वैद्यनाथरावांच्या हाती दिला. त्या रात्री ते भावाच्या रिकाम्या पाटासमोर बसून जेवले.

पुढच्या नवमीला भागीरथीबाई तेलाची वाटी घेऊन अंगणात निघाली. तलवार झाली, विळी झाली, हातोडे झाले. गाडीपाशी मात्र ती थांबली. चाकं या वर्षी चढवलेली होती, तरी थांबली आणि आत हाक मारली.

"वैद्या, हिच्या कुठल्या लोखंडाला तेल चालतं, ये बघू, दाखव."

वैद्यनाथराव बाहेर आले. त्यांनी आईचा हात धरून दाराच्या बिजागरीवर ठेवला.