हिरवळीवरचा जवळा

माझी आत्या थळच्या अलीकडच्या एका गावात सुकी मासळी विकायची. गावामागच्या मोकळ्या जागेवर, त्यांच्या खळ्यावर, ती आणि शेजारणी जवळा वाळत घालायच्या. जागा त्यांची नव्हती, पण सासूच्या सासूपासून वापर होता. मालकाने ती विकली आणि तिथे बंगल्यांची मोठी वसाहत मंजूर झाली. कुंपण पडलं, फाटक आलं, फाटकावर रखवालदार बसला.

मी अलिबागला एका वकिलांकडे टायपिंग करत होते. नियम वाचून पाहिले. एवढ्या मोठ्या वसाहतीत काही जमीन मोकळी सोडावीच लागते, आणि आराखड्यात ती नेमकी आत्याच्या खळ्यावर दाखवली होती. मी अर्ज टाईप केला: या जागेवर बांधकाम करू नये, ती सर्वांसाठी खुली ठेवावी. आत्याने सही केली. शेजारणींनी अंगठे द्यायला नकार दिला. "तू पुढं हो, आमी मागं हाव," म्हणाल्या.

सुनावणीला अधिकारी गोड बोलले. "आजी, तुमच्या खळ्यावर वीटसुद्धा पडणार नाही. कायमची खुली जागा. फाटक दिवसभर उघडं राहील, तसा आदेश देतो."

आत्याने त्यांना वाकून नमस्कार केला. परतताना पेढे घेतले आणि घरोघर वाटले.

पावसाळा सरला, होड्या समुद्रात गेल्या, आणि ती जवळ्याची पाटी घेऊन फाटकातून आत शिरली. मी सोबत होते. खळ्यावर हिरवळ लावली होती. कडेने बाक होते.

वसाहतीचा मॅनेजर आला. "या मावशी, बसा. जागा तुमचीच आहे."

"बसाय न्हाय आले. जवळा सुकवायचाय."

"सुकवा की," तो हसून म्हणाला.

तिने जुनं शीड अंथरलं, त्यावर जवळा पातळ पसरला. वरच्या गच्चीतून एका बाईने नाकाला रुमाल लावून खाली काहीतरी सांगितलं. मॅनेजर चालत नळापाशी गेला आणि त्याने हिरवळीचे फवारे सोडले. जवळा भिजून लगदा झाला. आत्या ओणवी होऊन ओंजळीने तो पाटीत भरू लागली. मी ओरडले, पण तो तिच्याशीच बोलत होता. "उचलताना गवत उपटू नका हं, मावशी."

आम्ही पुन्हा त्याच अधिकाऱ्यांकडे गेलो. या वेळी त्यांनी बसा म्हटलं नाही.

"खुली जागा म्हणजे बाग. तिथे धंदा करता येत नाही."

"साहेब, पण आमचा वापर जुना आहे," मी म्हटलं.

"होता. पण तुमच्या अर्जात वापराचा एक शब्द नाही. सर्वांसाठी खुली ठेवा असं मागितलंत, तसंच दिलं. आता सर्वांची झाली, तुमची कशी राहील?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली नाही, कारण तिला तेवढाच आधार होता.

गावात बातमी आमच्याआधी पोचली. अंगठे न देणाऱ्या शेजारणी ओट्यावर बसल्या होत्या. त्यातली एक आत्याची सख्खी जाऊ. "मिरवायला गेली आनी सगल्यांचा खला घालवून आली," ती मोठ्याने म्हणाली. दुसरी म्हणाली, "पेढे गोड व्हते पन." सगळ्या हसल्या. लिलावात त्या मिळून मासळी उचलायच्या. त्यातून आत्याला वगळलं. एकटीला अख्खी पाटी परवडेना, म्हणून ती बंदरावर जायची बंद झाली.

मागच्या महिन्यात मी तिला भेटले तेव्हा तिच्या हाताला सुगंधी साबणाचा वास येत होता. शनिवारी वसाहतीतल्या बंगल्यांत पाहुणे येतात. पापलेट साफ करायला तिला मागच्या दाराने बोलावतात. मॅनेजरनेच नाव सुचवलं होतं.

"त्याच्याकडे जातेस?" मी विचारलं.

"मंग कुनाकडं जाऊ, बाय?" ती म्हणाली. "माजी जाऊ माजं तोंड बगत न्हाय. तो निदान मावशी तरी म्हनतो."