बिनक्लचची गाडी आणि अर्धा कप कॉफी

कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी मी पहिल्यांदा पाहिली ती शेतात नव्हे, माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या काउंटरवर. वरवट बकाल या आमच्या गावात भाऊजींचं बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच माझं गॅरेज. त्या वर्षी दिवाळीनंतर शेतकरी पिशव्यांतून बोंडं आणायचे आणि काउंटरवर फोडून दाखवायचे. आत कापूस नसायचाच. सडून आवळलेल्या कापसाची काळपट कवडी, ओलसर घाण आणि तिच्यात वळवळणारी ती अळी. ज्या बियाण्याला बोंडअळीची फवारणीच लागत नाही असं भाऊजींनी वर्षानुवर्षं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, त्याच बियाण्याची ही बोंडं. भाऊजी एका हाताने ती केराच्या डब्यात लोटायचे आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर एका लाल गाडीचे फोटो पाहायचे. मला शिसारी यायची. पण दुकान बहिणीच्या घरचं, म्हणून मी तोंड मिटून गॅरेजात परत यायचो.

ती लाल गाडी इटलीची होती. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. बियाणेवाल्यांनी खूप माल खपवणाऱ्या दुकानदारांना परदेश दाखवून आणला, तिथे भाऊजींनी तसली गाडी पाहिली आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. नवी घेणं त्यांच्याही आवाक्यात नव्हतं. पुण्यात एकाकडे अशा जुन्या गाड्या विकायला असतात, असा शोध त्यांनी लावला.

"साळेबुवा, तुमी चला संग," ते म्हणाले. "गाडी तुमीच पास करा. मंग गावात कोनाची बोलाची टाप नाही."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पास करणं हेच माझं नाव होतं. आमच्या भागात जुना ट्रॅक्टर किंवा जीप घ्यायची म्हटलं की लोक मला सोबत नेत. ज्या उस्तादांनी मला शेगावच्या त्यांच्या गॅरेजात पाना धरायला शिकवलं, त्यांनी एक नियम घालून दिला होता. विकणाऱ्याच्या दारात गेलो की गाडी पाहून होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पाहून झाली आणि पटली, तरच त्याचा चहा प्यायचा. पटली नाही तर कप हात न लावता तसाच ठेवायचा आणि उठायचं. माणसाच्या अंगणात उभं राहून त्याच्या मालाला वाईट म्हणायची पाळीच येत नाही. उस्ताद म्हणायचे, "जबान से आदमी का दिल दुखता है, कप से नहीं." हे आता सगळ्या गावांना माहीत होतं. घेणारा माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, कपाकडे बघायचा. मी प्यायलेल्या चहावर कितीतरी घरांत ट्रॅक्टर आले आणि त्यातलं एकही घर अजून माझ्या नावाने बोटं मोडत नाही. माझ्याजवळ दुसरं होतं काय? पत्र्याची शेड आणि हा चहा.

पुण्याचं ते दुकान काचेचं होतं. आत इतका गारवा की माझ्या हातावर काटा आला. विकणारा गोरागोमटा, अंगाला अत्तराचा वास, बोलण्यात प्रत्येक वाक्याला "सर". भाऊजींनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे साळे. ट्रॅक्टरचे मिस्त्री." दोघंही हसले. का हसले ते मला अजून कळलेलं नाही.

लाल गाडीला क्लचचं पायडल नव्हतं. गिअरचा दांडाही नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन कानांसारख्या पट्ट्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. विकणारा म्हणाला, "सर, क्लच दाबायची कटकटच नाही." मी खाली वाकलो, पाहिलं, ऐकलं. क्लच होता की! आपल्या जीपला असतो तसाच क्लच, तसेच गिअर. फक्त तो दाबायचं काम माणसाच्या पायाऐवजी तेलाचा पंप करत होता. कटकट गेली नव्हती, नजरेआड झाली होती. आणि तो पंप थकलेला होता. दार उघडताच घुं करून सुरू व्हायचा, थांबायचा आणि लगेच पुन्हा सुरू व्हायचा. दाब टिकत नव्हता. विकणाऱ्याच्या माणसाने गाडी मागच्या चढावरून उलटी वर घेतली, तेव्हा जो वास आला तो मी झोपेतही ओळखला असता. जळका क्लच. तो किती झिजलाय हे संगणकावर दिसतं, असं विकणाराच मघाशी म्हणाला होता. मी म्हटलं, दाखवा. तर मशीन नेमकं दुसऱ्या शाखेत गेलेलं.

शेजारी तसलीच एक राखाडी गाडी उभी होती. तिला तीन पायडल, मध्ये लोखंडी दांडा. मी ती चालवून पाहिली. कडक गाडी! गिअर लोण्यात सुरी शिरावी तसे पडत होते. मी भाऊजींना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "घ्यायचीच असेल तर ही घ्या. लाल गाडीचा क्लच संपलाय. गर्दीत हळू चालवली की बसेल."

"क्लच दाबाले मी टेम्पोवाला हाव काय?" ते मोठ्याने म्हणाले. विकणाऱ्यालाही ऐकू गेलं. "अन् राखडी? राखडी गाडी कोन पाह्यते गावात?"

तेवढ्यात ट्रेमध्ये कॉफी आली. माझा कप मी टेबलावर तसाच ठेवला. भाऊजींना नियम माहीत होता. त्यांनी तो कप उचलून माझ्या हातात दिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घ्या न बुवा. बह्यनीच्या घरची गाडी हाय. या मानसासमोर माही शोभा करता काय?"

मी तोंडाने पुन्हा नाही म्हटलं. लाल नको, असं स्पष्ट म्हटलं. पण कप घेतला. का घेतला? उन्हातून आलो होतो, घसा कोरडा होता. ते मघाचं हसणं मनात खुपत होतं. या काचेच्या घरात मीही बसू शकतो, असं दाखवायचं होतं. आणि बहीण होतीच. कारणं काढायला बसलं तर वाटेल तेवढी निघतात. अर्धा कप प्यालो. चव धड कडूही नव्हती. मान वर केली तर भाऊजींचा मोबाइल माझ्याकडे रोखलेला. फोटोत मी, ओठाला कप आणि पाठीमागे ती लाल गाडी.

आम्ही गावात पोचायच्या आधी फोटो पोचला होता. भाऊजींनी तो दुकानाच्या ग्रुपवर टाकला होता, जिथे एरवी ते फवारणीचे सल्ले टाकत. खाली लिहिलं होतं, आमच्या साळेबुवांनी कप घेतला. चौकात मला जो भेटेल तो म्हणायचा, "लाल पास केली म्हने?" मी म्हणायचो, नाही हो, मी नको म्हटलं होतं. तो हसायचा. "कप त दिसून राह्यला न फोटोत."

गाडी ट्रकवर चढून आली. तिची पूजा दुकानासमोर झाली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि शेगावला दर्शनाला निघायचं ठरलं. पण आधी गावातून मिरवायची. पुढे बँड, मागे माणूस चालेल त्याहून हळू ही गाडी. मी खिडकीतून डोकं घालून सांगितलं, "भाऊजी, बँड थांबवा. असं रखडत नका चालवू, क्लच जळेल. सरळ रस्त्याला लागा."

"लोकाईले पाहू त द्या," ते म्हणाले.

बसस्टँडपर्यंत पोचलो नाही. आधी वास आला, मग धूर, मग आतला पंप रडल्यासारखा सतत वाजत राहिला आणि गाडी रस्त्याच्या मध्यात बसली. बँडवाले दोन मिनिटं तसेच वाजवत राहिले. मग ती ढकलायला माणसं आली. माझ्या डोळ्यांसमोरून तो देखावा जात नाही: लाल गाडीच्या पाठीला ज्यांचे हात लागले होते, त्यातले निम्मे हात महिन्यापूर्वी काउंटरवर सडकी बोंडं फोडत होते. भाऊजी आतच बसून होते, ढकलणाऱ्यांना "जोर लावा" म्हणत. मला त्यांची किळस आली. त्याहून जास्त माझी आली, कारण ढकलणाऱ्यांतला एकजण वळून मला म्हणाला, "तुमीच पाह्यली होती न?"

गाडी दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मला वाटलं, ती झाकली तसं हेही झाकलं जाईल.

पुढच्या मृगाच्या तोंडावर मी काही कामाने दुकानात गेलो. भाऊजी नवीन पाकिटं विकत होते, चित्र नवं, बोलणं तेच. काउंटरशी एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्यांचा ट्रॅक्टर कैक वर्षांपूर्वी मी पास केला होता, तो अजून चालतो. दोन हातांत दोन पाकिटं धरून ते कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे पाहत होते. भाऊजींनी चहा मागवला, कप मुद्दाम माझ्यापुढे सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे साळेबुवाच सांगतीन, मालात दम हाय का नाही."

म्हणजे माझा चहा आता यांच्या बियाण्याला लागणार होता. माझं डोकं भडकलं. मी कप उचलला नाही. बोटाने त्यांच्याकडे परत लोटला, बशीत चहा सांडला. म्हातारबाबा पाहत होते हे मला दिसत होतं, आणि मला वाटलं, निदान एवढं तरी मी नीट केलं.

म्हातारबाबांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता.

"पेऊन घ्या बापा, थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले. "तुमच्या कपाकडे आता कोन पाह्यते?"

आणि दोन्हींतलं एक पाकीट त्यांनी पिशवीत टाकलं.