गोठ्याच्या भिंतीवरचा समुद्र

माझी नात मुंबईला भिंतींवर चित्रं काढते. स्प्रेचे डबे घेते आणि आपण पिकावर औषध मारतो तसा फसफस रंग मारते. समुद्रकाठी पाळणे-बिळणे लागतात तिथल्या भिंतीवर तिनं तरणी पोरं-पोरी काढलीत. कुणी भेळ खातंय, कुणी लाटेला भिऊन पळतंय. तिनं ती मोबाईलवर दाखवली आणि मी बोलून गेले, आमच्या तरुणपणी आम्हाला नाही बाई असं कुणी नेलं.

"मग आता नेते की," ती म्हणाली, आणि दिवाळीला आली तशी सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर गोठ्याच्या भिंतीला समुद्र फासायला लागली.

आजूबाजूच्या साऱ्या म्हाताऱ्या जमल्या. जिला तिला विशीतलं व्हायचं. माझी जाऊ तर म्हणाली, "आकाशपाळण्यात आमच्या गेलेल्या सासूबाईंनाही बसव, पण मला त्यांच्या खाली. त्यांच्या डोक्यावर मी बसले तर बरं दिसतं का?"

"अगं आजी, पाळणा फिरतो. खालचा वर येणारच."

"मग थांबलेला काढ."

मला मात्र एकच पाहिजे होतं, ह्यांच्या शेजारची जागा. जन्म गेला, पण बैलगाडीत हे पुढं, मी मागं. एसटीत मी बायकांत. मोटरसायकल आली तर मधे पोरं. पण हे ऐकतात होय? "मला न्हाई त्या चक्रात घालायचं. रस्त्यावरची भिंत हाय, लोक हसतील."

नातीनं मला एकटीलाच पाळण्यात बसवलं, शेजारची जागा मोकळी ठेवून. माझं मन खट्टू झालं.

हे धारा काढायला यायचे, येता-जाता भिंतीकडं बघायचे. एका संध्याकाळी दुधाची बादली हातात घेऊन उभेच राहिले. "पोरी, हा पाळणा कलंडंल की. एकाच बाजूला वजन हाय."

"मग कुणाला बसवू, आबा? हा कडेला काढलेला भेळवाला मोकळाच आहे."

"भेळवाला कशाला? मी काय मेलोय?" बादली खाली ठेवली. "टोपी नीट काढ. आन हात दांडीवर ठेव माझे. हिला हात लागू देऊ नको."

नातीनं सगळं ऐकलं. काळ्याभोर मिशा, कडक टोपी, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, तुझा हात कुठं ठेवू?"

मी म्हटलं, "ह्यांच्या हातावर ठेव."

हे ऐकत होते. तिथंच उभे राहून रंग वाळेपर्यंत बघत राहिले.