बारापैकी बारा

धुमाळकाकांच्या घरी वर्षातून दोनदा कडुलिंब वाटला जाई. एकदा गुढीपाडव्याला, सगळ्यांकडे असतो तसा, आणि एकदा ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सीझन सुरू होण्याआधी. मॉरिसव्हिलमधल्या त्यांच्या घरामागच्या डेकवर आम्ही पंधरा-वीस मराठी माणसं घाम पुसत बसायचो. काका आंघोळ करून, रेशमी झब्ब्यावर टीमची कॉफीच्या रंगाची जर्सी चढवून बाहेर यायचे. प्रत्येकाच्या हातावर गूळ-कडुलिंबाची गोळी ठेवायचे, पाटावर बसायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे आणि येत्या सीझनचं वर्षफल वाचायचे. पाडव्याला पंचांग वाचतात ना, अगदी तसंच.

"या संवत्सराचा राजा हेड कोच. राजा नवा आहे, पण शुभ आहे. मंत्री जुना आहे. त्याला काढायला हवं होतं, पण तोही शुभच धरू. सेनाधिपती म्हणजे आपला क्वार्टरबॅक. खांदा उत्तम, डोकं थोडं गरम. संक्रांत ऑक्टोबरात आहे, परगावच्या मैदानावर, ती टळेल. एकूण फल, बारापैकी बारा."

टीम सीझनमध्ये बारा मॅच खेळते आणि काकांच्या वर्षफलात ती दरवर्षी बाराच्या बारा जिंकायची. मैदानावर मात्र मी तिला पाचाच्या वर जाताना पाहिलं नव्हतं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांना आधीच पुरेसं दुःख आहे.

गंमत म्हणजे हा माणूस नोकरीत पूल तपासायचा. राज्याच्या रस्ते खात्यात तीस-एक वर्षं त्यांनी पुलांचे तडे शोधले. एकदा एका कसब्याच्या भर जत्रेच्या दिवशी त्यांनी तिथला एकुलता एक पूल बंद केला होता आणि मेयर रडकुंडीला आला तरी उघडला नव्हता. "तडा म्हणजे तडा," म्हणायचे. मी सॉफ्टवेअरवाली, मला आकड्यांची खोड. पहिल्याच वर्षी मी टीमच्या गेल्या काही सीझन्सचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"हे बघ नागपूर," ते म्हणाले. मी नागपूरची, म्हणून माझं नावच नागपूर. "हा पूल असता ना, तर मी आजच बंद केला असता. पण ही टीम आहे."

हे प्रेम पन्नास वर्षांपूर्वीचं. साताऱ्याहून एम. एस. करायला आलेल्या काकांना पहिले तीन महिने कोणी जेवलास का म्हणूनही विचारलं नव्हतं. मग एका शनिवारी हॉस्टेल ओस पडलं, तेव्हा गर्दीमागे चालत ते स्टेडियमवर पोहोचले. काय चाललंय ते कळत नव्हतं. अचानक सगळे उठले आणि शेजारच्या धिप्पाड, बिअरचा वास येणाऱ्या अनोळखी माणसाने काकांना उचलून मिठी मारली. "या देशातली पहिली मिठी," काका सांगायचे. "आता ती परत कशी करणार?" ती मॅचही शेवटी टीम हरलीच, हे ते सांगायचे नाहीत. ते काकू सांगायच्या.

काकूंचा नियम साधा होता. टीम जिंकली की शिरा, हरली की पिठलं-भात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवले ते पिठलंच, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. "रव्याचं पाकीट आमच्याकडे वर्षभर पुरतं बाई," असं म्हणून काकू टीव्हीकडे न बघता विचारायच्या, "हरले का? मग हात धुऊन या." काकू गेल्या, त्यानंतर काका पिठलं स्वतः करू लागले. शिऱ्याच्या वाटेला मात्र गेले नाहीत. टीम एखादी मॅच जिंकली तर केळं खायचे.

अलीकडे वर्षफल लिहिणं अवघड झालं होतं. आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, पैसेही घेऊ शकतात. काकांनी उन्हाळाभर घोकलेला सेनाधिपती जुलैत दुसऱ्या कॉलेजात निघून जायचा. "निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही!" काका कडाडले की डेकवरची आम्ही आयटीवाली मंडळी गोळी चघळत झाडांकडे बघायचो.

"नागपूर, तुझी कितवी गं कंपनी?"

"चौथी, काका."

"म्हणजे तूसुद्धा त्यातलीच."

"काका, व्हिसाचं होतं ना यार..."

"त्या पोराचंही काहीतरी असेलच," असं म्हणून ते नव्या पोराचं नाव खोडरबरने खोडलेल्या जागी लिहू लागले.

काकू गेल्यावर मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून त्यांच्या मुलीचे, मृणालचे, रोज फोन येऊ लागले. घर विकून माझ्याकडे या. काका दोन महिने टाळत राहिले, मग त्यांनी शब्द दिला. "टीमला सहा मॅच जिंकू देत. सहा जिंकल्या की डिसेंबरात एक मानाची जादा मॅच मिळते. तेवढी बघतो आणि येतो." मृणाल लगेच कबूल झाली. बारातल्या सहा म्हणजे काय मोठंसं! मग तिने जुने निकाल शोधले. टीमने सहा जिंकल्या होत्या तेव्हा ती शाळेत होती. "बाबा, you tricked me!" ती फोनवर ओरडली. काका फोन कानापासून लांब धरून समाधानाने हसत होते.

म्हणजे आमच्यापुढे दरवर्षी बारा विजय जाहीर करणाऱ्या या माणसाचं घर टीमच्या हरण्यावर टिकून होतं. चार वर्षं टिकलं.

गेल्या वर्षी काय झालं कोण जाणे, टीमने पाच जिंकल्या. शेवटची मॅच थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी होती. मृणाल आली होती. जन्मात फुटबॉल न पाहिलेली ही बाई नवी कोरी जर्सी घालून सोफ्यावर सर्वांत पुढे बसली होती आणि पंचांना नावं ठेवत होती. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत. तीन सेकंद उरले, टीम दोन गुणांनी मागे. एकच उपाय होता, चेंडू लाथेने उडवून लांबच्या दोन खांबांमधून पाठवायचा. त्याचे तीन गुण. लाथ मारणाऱ्या पोराने त्या दिवशी आधीच दोनदा घाण केली होती. मृणालने डोळे गच्च मिटले. मी टीव्ही सोडून काकांकडे बघत होते. ती लाथ चुकली असती तर त्यांचं घर आणखी एक वर्ष वाचलं असतं.

काका ताडकन उभे राहिले. "मार बाळा!" ते घसा फाटेस्तोवर ओरडले. "बिनधास्त मार!"

चेंडू खांबांच्या मधोमध गेला. काकांनी मृणालला मिठी मारली, मला मारली, पिझ्झा घेऊन दारात आलेल्या माणसालाही मारली. मग दिसेनासे झाले. मी स्वयंपाकघरात गेले तर ते कढईत रवा भाजत होते.

"काका, मनातून वाटलं असेल ना, चुकावी म्हणून?"

"आठवडाभर वाटत होतं गं. खोटं कशाला बोलू?" त्यांनी नाक पुसलं, झारा हलवत राहिले. "पण पोराने पाय मागे घेतला ना, तेव्हा विसरलोच."

शिरा थोडा कच्चा झाला होता. तिघांनी कढई पुसून खाल्ली.

डिसेंबरातली मानाची मॅच टीम सपाटून हरली. वसंतात घर विकलं गेलं. मिनेसोटाच्या थंडीत जगणार नाही म्हणून कडुलिंबाची कुंडी आणि पाट माझ्याकडे आले. विमानतळावर काका मृणालला म्हणाले, "बाराच्या बारा जिंकल्या की मी परत येणार." या वेळी तिने आधी निकाल शोधले, मग हसून हात पुढे केला. "डील, बाबा."

या ऑगस्टला माझ्या घरच्या डेकवर पाटावर मी बसले. समोर पंधरा-वीस माणसं, रेलिंगवर टेकवलेल्या टॅबलेटमध्ये ईडन प्रेरीहून जर्सी घालून बसलेले काका. माझ्या मांडीवर माझा तक्ता होता. राजाला काढून टाकलेलं, सेनाधिपती पळालेला, लाथ मारणारा पोरगाही दुसऱ्या कॉलेजात गेलेला. तक्त्याच्या तळाशी मीच ठळक अक्षरात लिहिलं होतं, चार.

मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. समोर न बघता वाचलं, "एकूण फल, बारापैकी बारा."

 टॅबलेटमधल्या काकांनी मान वळवली आणि आत हाक मारली.

"मृणाल, माझी मोठी बॅग कुठे ठेवलीयस गं?"