झोपेत दात खातोस का?

"झोपेत दात खातोस का रे?" असे विचारत वहिनी पुढ्यातल्या मुलाची हनुवटी वर करायच्या आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. उत्तर काहीही आले तरी निदान ठरलेले असे. जंत.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्या समोरच्या इमारतीत राहायच्या. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर. यजमान खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि लवकरच गेले. मूलबाळ नव्हते. मी त्यांना वहिनी म्हणत असे. तुम्ही नातवंडे सुट्टीत आलात की त्यांना जंतआजी म्हणायचात, आणि हे त्यांना चांगले ठाऊक होते.

वावडिंगाची पूड मधात कालवून त्या चमचा पुढे करायच्या. ईशान, तू ते औषध गालात धरून आमच्या तुळशीत थुंकायला पळायचास. "चला, तुळशीचे जंत तरी गेले," असे त्या गॅलरीतून शांतपणे म्हणायच्या. चिडचिड, गालावरचे पांढरे डाग, गणितात कमी गुण, सगळ्याचे मूळ त्यांना एकच दिसे. सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगमध्ये ओरडले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याही घरी पुडी गेली.

मग वहिनींच्याच पोटात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टरांनी केमोची तारीख दिली. त्याच सुमारास हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. जंतांच्या साध्या गोळीने कॅन्सर बरा होतो, असे त्यात कुणीतरी ठासून सांगत होते. आजाराचे कळल्यापासून वहिनी प्रथमच पोटभर जेवल्या. गोळ्या आणल्या आणि केमो पुढे ढकलायचे ठरवून टाकले.

"शरीराला कीड लागली असं आपण म्हणतोच ना?" त्या मला म्हणाल्या. "मग किडीचं औषध नको? त्या सलाइनने केस जातात. जंताच्या औषधाने कुणाचे केस गेलेले ऐकलेत?"

मी वाद घातला नाही. गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारू, एवढेच म्हटले. पाकीट पर्समध्ये टाकून त्या माझ्याबरोबर निघाल्या.

डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. ते हसले नाहीत, याचे मला अजून बरे वाटते. ते म्हणाले, ही कल्पना अगदीच हवेतली नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी अशा औषधांनी मरतात, आणि त्यावर अभ्यास चालू आहे. पण माणसाचा कॅन्सर त्यांनी बरा होतो, असे अजून दिसलेले नाही. मनाने जास्त गोळ्या घेतल्या तर यकृत बिघडू शकते. आणि केमो लांबली, तर गाठ काही आपल्यासाठी थांबणार नाही.

"पण बशीत मरतात ना?"

"बशीत त्या साबणानेही मरतात, आजी."

"मग मला बशीत ठेवा," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समधले पाकीट काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. उठता उठता त्यांच्याकडे निरखून बघितले. "झोपेत दात खाता का हो?"

"बायको म्हणते, खातो."

पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी पुडी होती.

केमो ठरल्या तारखेला सुरू झाली. केस गेले. गाठ आकसली, आणि डोक्याला सुती रुमाल बांधून वहिनी पुन्हा गॅलरीत उभ्या राहू लागल्या. मला वाटले, आता असेच चालेल. पण आजार परतला. शेवटी शेवटी त्या पडूनच असत. एकदा त्यांनी मला विचारले, "त्या बशीतल्या औषधाचं पुढे काही निघालं का हो?"

मी इंटरनेटवर पाहूनच आले होते. "अजून नाही, वहिनी."

"निघालं की सांगा. गॅलरीतून हाक मारा, मला ऐकू येतं."

त्या गेल्यावरही मी अधूनमधून शोधते. खात्रीचे काही निघालेले नाही.

परवा तुझी आई फोनवर म्हणाली, ईशान हल्ली झोपेत दात खातो. तिकडच्या दंतवैद्याने ताणामुळे होते असे सांगून रात्री दातांवर बसवायला प्लास्टिकचे काहीतरी दिले आहे म्हणे. मी फोन ठेवला आणि लगबगीने गॅलरीत गेले. समोर आता दुसऱ्या बिऱ्हाडाचे टॉवेल वाळत असतात. कठड्याला धरून "अहो वहिनी" एवढे म्हणून झाले, तेव्हा ते टॉवेल मला दिसले.