माझ्या हातची सुई

वडिलांना रोज इन्शुलिन देऊन देऊन सुई टोचण्यात माझा हात चांगला बसला होता. त्यामुळे धाकटा भाऊ सायकल शर्यतींच्या एका व्यावसायिक संघात गेला, तेव्हा त्याची इंजेक्शनंही माझ्याकडेच आली. "ताई, बस ताकद की सुई है. वजन उतरवलं की अंगात जीव राहत नाही," तो म्हणायचा. बाटलीवर लेबल नसायचं. सख्ख्या भावाला लेबल कोण विचारतं?

वजन मात्र झरझर उतरलं. गाल बसले, बरगड्या दिसायला लागल्या आणि घाटाच्या चढावर तो भल्याभल्यांना मागे टाकू लागला. इतवाऱ्याच्या बाजारात एक दुकानदार हसत म्हणाला, "भैया कुछ लेता है क्या?" मी चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. भावासाठी मी घरात तेल चमच्याने मोजत होते, मावा जिलबी वर्षभर उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. आणि हा मेला म्हणे, काही घेतो का!

पुढे शर्यतीनंतरच्या उत्तेजक तपासणीत तो सापडला. औषध त्याच बाटलीतलं होतं. फसवलं म्हणून मी चिडले, रडले, तरी त्याला गरम भाकरी वाढली. लहान आहे, चुकला असेल, म्हटलं.

मग एक दिवस धुवायचे कपडे काढताना त्याच्या बॅगेत चौकशीतल्या जबाबाची प्रत मिळाली. खाली त्याची सही होती. वर लिहिलं होतं, "सुई घर पर बड़ी बहन लगाती थी. उसमें क्या था, वही जाने."